सोनखताची शुद्धि

मराठी भाषेंत खतांचीं नांवें फार सरळ आहेत. शेणखत, लेंडीखत, हाडांचें खत, मासळीचें खत. ज्या वस्तूचें खत झालें तिचा उच्चार करावयास कोणाही शेतकऱ्यास कधीं संकोच वाटला नाहीं. माणसाच्या मैल्याची पाळी आली तेव्हां मात्र हीच भाषा एकदम सराफाच्या पेढीवर जाऊन बसली, आणि तिनें त्या खतास 'सोनखत' असें नांव दिलें. या नांवांत अर्धा हिशेब आहे व अर्धी लाज आहे. ज्याच्या उसाच्या फडास हें खत पडलें त्याच्या घरीं खरोखरच सोनें आलें, म्हणून हिशेब. आणि तें कोणीं, कसें, कोणाच्या डोक्यावरून आणलें हें बोलावयाचें नाहीं, म्हणून लाज. प्रस्तुत लेखांत या दोहोंचा थोडासा इतिहास सांगण्याचा विचार आहे. विषय जेवणापूर्वीं वाचण्याजोगा नाहीं, हें आधींच कबूल करितों.

इतिहासाच्या शिक्षकानें हा विषय हातीं घ्यावा यास निमित्त घडलें तें असें. आमचें बिऱ्हाड ठाण्यास टेंभी नाक्याजवळ आहे. गेल्या वर्षीं नवरात्राच्या आधीं नाक्यावर देवीच्या मांडवाची बांधाबांध सुरू होऊन रस्त्यांतून वाट काढणें कठीण झालें होतें, अशा एका संध्याकाळीं माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. शहापूर तालुक्यांत त्याची वडिलोपार्जित शेती आहे. नोकरी सोडून तो आतां तेथें भाजीपाला करितो. त्याच्या हातांत किलोभर वजनाची एक पिशवी होती. आंतील पदार्थ काळसर, भुरभुरीत, चहाच्या भुकटीसारखा दिसत होता, आणि नाकाशीं नेला तरी ओल्या मातीहून निराळा असा वास येत नव्हता. तो म्हणाला, "सर, शहराच्या मैलापाण्यांतून जो गाळ निघतो त्याचें हें खत. भट्टींत तापवून वाळविलेलें आहे. जंतु सगळे मेले, असें विकणारा सांगतो. वांग्यांना घालूं कीं नको?"

माझें उत्तर तयार होण्यापूर्वींच माझ्या मावशीनें आंतून सांगितलें, "बाबा रे, आधीं तें उंबऱ्याबाहेर ठेव, हात धू, आणि मग काय बोलायचें तें बोल." मावशीचें वय नव्वदीला टेकलें आहे. पिशवी बाहेर गेली, हात धुऊन झाले, चहा झाला, आणि मग तिनें विचारलें, "हें पिशवींत भरलें कोणीं?"

"यंत्रानें भरतात, आजी."

"आणि यंत्रापर्यंत कोणीं आणलें?"

विद्यार्थ्याजवळ याचें उत्तर नव्हतें, आणि माझ्याजवळही नव्हतें. मावशीचें बालपण पुण्याच्या पूर्वेस, हडपसरच्या बाजूस, कालव्याखालच्या उसाच्या मुलखांत गेलें. तिला आठवतें तें असें कीं, सोनखताच्या गाड्या उजाडण्यापूर्वीं येत. मुलांच्या दृष्टीस त्या कधीं पडल्या नाहींत. गाडी येऊन गेली हें वासावरून समजे. उशीर होऊन एखादा गाडीवाला सांपडलाच तर त्याच्या ओंजळींत वरून पाणी ओतीत. "आणि गूळ?" मीं विचारलें. "गूळ फार गोड होता रे," असें म्हणून ती हसली.

त्या गुळाचा इतिहास खडकवासल्याच्या धरणाशीं गुंतलेला आहे. १८७९-८० च्या सुमारास धरणाचें काम पुरें झालें आणि मुठेचें पाणी कालव्यांनीं पुण्याच्या पूर्वेकडील गांवांस मिळूं लागलें. पाणी आलें म्हणजे ऊस आला. आणि ऊस हें पीक असें खादाड कीं त्याला पाण्याइतकीच खताचीही भूक असते. शेणखत पुरेना, कारण शेणाचा मोठा वांटा गोवऱ्या होऊन चुलींत जात असे. इकडे पुणें शहर लाख वस्तीच्या घरांत गेलेलें. घरोघरीं कोरडे संडास. त्यांतील मैला रोज उचलून कोठें टाकावा ही नगरपालिकेची विवंचना. एकीकडे ज्याची अडचण होती त्याचीच दुसरीकडे उणीव होती. तेव्हां शहराबाहेर उथळ खड्ड्यांत मैला पसरावयाचा, त्यांत राख आणि रस्त्यावरचा केर मिसळावयाचा, व उन्हांत वाळवून त्याची भुकटी विकावयाची, असा क्रम सुरू झाला. सरकारी इंग्रजी कागदांत या भुकटीस 'पुड्रेट' म्हणत. शब्द फ्रेंच आहे. पॅरिसनजीक माँफोकाँ येथें असेंच खत वाळवीत, आणि तेथल्या भाषेंत 'पूद्र्' म्हणजे भुकटी. पॅरिसचें गटार समुद्रास मिळतें म्हणून राष्ट्राची दौलत वाहून जाते, ही हळहळ व्हिक्टर ह्यूगोनें १८६२ च्या आपल्या प्रख्यात कादंबरींत कथानक बाजूस सारून व्यक्त केली आहे. आमच्या महाविद्यालयांत तीं पानें विद्यार्थी हटकून गाळतात.

प्रथम शेतकऱ्यांनीं नाक मुरडलें. माळी, कुणबी, कोणीच हात लावीना. परंतु एकदां एकाच्या उसाची कांडी शेजाऱ्याच्या उसापेक्षां जाड दिसली, आणि सोवळें शेताच्या बांधापाशीं थांबलें. इंग्लंडच्या राजेशाही कृषिसंस्थेचे रसायनज्ञ डॉ. व्होल्कर हे १८८९ सालीं हिंदुस्थानांत आले. येथील शेतीवरचा त्यांचा अहवाल १८९३ सालीं प्रसिद्ध झाला. परका विद्वान आमच्या शेतकऱ्यास शिकवावयास येतो आणि बऱ्याच बाबतींत त्याच्यापाशींच शिकून जातो, अशा दुर्मिळ ग्रंथांपैकीं तो एक आहे. पुण्याच्या या खताची आणि त्याविषयींच्या विटाळाची गोष्ट त्यांच्या नजरेंतून सुटली नाहीं. येथें एक बारीक गोष्ट लक्षांत घ्यावी. विटाळ नाहींसा झाला असें म्हणतात, तें अर्धेंच खरें. खताचा विटाळ नाहींसा झाला. खत आणणाराचा राहिला. पदार्थ राखेंत घोळून, उन्हांत पडून शुद्ध ठरला आणि उसाच्या मुळांशीं मानानें गेला. त्यास हात लावणारा माणूस मात्र आयुष्यभर उन्हांत उभा राहिला तरी शुद्ध ठरला नाहीं.

आतां त्या उन्हाविषयीं. दख्खनचें ऊन कडक, फुकट, आणि आठ महिने हमखास. परंतु ही आंच वरवरची असते. वरचा थर तापून कोरडा होतो, खालचा दमट राहतो. वाळतां वाळतां नत्राचा मोठा भाग अमोनिया होऊन हवेंत उडून जातो, हा एक तोटा. पण तो पैशाचाच तोटा. दुसरा अधिक गंभीर आहे. मैल्यांत रोगजंतूंबरोबर कृमींचीं अंडींही असतात. जंताचें, म्हणजे पोटांतील लांब पांढऱ्या कृमीचें, अंडें असें चिवट असतें कीं अनुकूल मातींत तें वर्षानुवर्षें जिवंत राहतें. अंकुशकृमीची तऱ्हा निराळी. त्याची अळी अनवाणी पायाची कातडी भेदून शरीरांत शिरते, आणि मग माणूस फिकट पडतो, धापा टाकतो, कामास आळशी म्हणून शिव्या खातो. नागपूरच्या ज्या संशोधनसंस्थेस आज 'नीरी' म्हणतात, तेथील संशोधकांनीं १९७३ सालीं मैलापाण्यावरील शेतांतल्या मजुरांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांच्यांत दोनतृतीयांशांहून अधिक लोकांस अंकुशकृमीची बाधा होती. तुलनेसाठीं घेतलेल्या इतरांत ती एकतृतीयांशाच्या आसपास होती. पुण्याच्या फडांतून गुळाचा हिशेब पैपर्यंत ठेवीत. पायांतून शिरणाऱ्या कृमींचा ठेवीत नसत.

याच काळांत मुंबईच्या उत्तरेस एक निराळा प्रयोग चालला होता, आणि त्याचा कर्ता मराठी वाचकास भलत्याच कारणासाठीं परिचित आहे. हॅरी ॲक्वर्थ हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या सहाय्यानें त्यांनीं १८९१ सालीं ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला, आणि १८९४ सालीं त्यांतील कांहींचें इंग्रजी पद्यरूपांतर केलें. तुळशीदासाचा सिंहगडचा पोवाडा ज्यांनीं सातासमुद्रांपलीकडे नेला त्याच गृहस्थांनीं १८९० सालीं माटुंग्यास, आजच्या वडाळ्याच्या बाजूस, निराधार महारोग्यांसाठीं आश्रम काढला. तेथें मैलापाण्यावर शेती होती. पुढें मैला बंद टाक्यांत कुजवून त्यांतून निघणारा वायु गोळा करण्याची व्यवस्था १८९७ सालीं झाली, आणि त्या वायूवर इंजिन चालविण्यांत आलें. मुंबईचे अभियंते कार्केट जेम्स यांनीं पौर्वात्य शहरांच्या मैलानिःसारणाविषयीं जें लिहिलें त्यांत या प्रयोगाची माहिती येते. अनेक आधुनिक पुस्तकांत हा प्रयोग १८५९ चा म्हणून सांगतात, आणि एकाचें पाहून दुसरा तेंच उतरवितो. आश्रमच १८९० चा असतां त्याची टाकी एकतीस वर्षें आधीं कशी बांधली गेली, हा प्रश्न कोणास सुचला नाहीं. असो. आपल्या विषयापुरतें महत्त्व एवढेंच कीं, मैल्याच्या पोटांत स्वतःचें सरपण असतें, ही गोष्ट माटुंग्यास दिसून आली होती. मात्र टाकींत कुजल्यानें सगळे जंतु मरत नाहींत. कृमींचीं अंडीं जड असल्यानें तळच्या गाळांत जाऊन बसतात, आणि गाळ शेतांत गेला कीं तींही शेतांत जातात. आंच हवी होती, आणि ती आंतवर पोंचणारी हवी होती.

ती इंदूरास सांपडली. होळकरांच्या राज्यांत, मराठी बोलणाऱ्या शहरांत, १९२४ ते १९३१ या काळांत अल्बर्ट हॉवर्ड यांनीं वनस्पतिसंशोधनाची संस्था चालविली. तेथें सिद्ध झालेली खत करण्याची रीत 'इंदूर पद्धति' म्हणून जगभर गेली. तिजवरील १९३१ चा मूळ ग्रंथ मात्र एकट्या हॉवर्डांचा नाहीं. मुखपृष्ठावर दुसरें नांव यशवंत वाड यांचें आहे. हॉवर्डांना पुढें 'सर' ही पदवी मिळाली, सेंद्रिय शेतीचे आद्य आचार्य म्हणून विलायतेंत त्यांची पूजा झाली. वाडांचें नांव त्यांच्या स्वतःच्या भाषेंतील वाचकांसही आज सांगावें लागतें. १९३४ सालीं जॅक्सन आणि वाड या दोघांनीं हीच रीत वस्तींतील केरकचरा आणि मैला यांस कशी लावावी हें स्वतंत्र पुस्तिकेंत मांडलें. म्हणजे सोनखताच्या इतिहासांत इंदूरचा मोठा मान वाडांकडे जातो.

रीत ऐकावयास साधी आहे. पालापाचोळा, शेण, मूत्रानें भिजलेली माती, राख यांचे थर द्यावयाचे, ओल बेताची ठेवावयाची, हवा खेळती ठेवावयाची, आणि तीन महिन्यांत तीन वेळां ढीग खालीवर करावयाचा. ढिगांतले सूक्ष्म जीव खातात, श्वासोच्छ्वास करितात, आणि त्यांच्या त्या संसारानें ढीग आंतून तापतो. उष्णमान ६५ अंश सेल्सिअसपर्यंत जातें. अशा ढिगांत हात घातला तर चटका बसतो. बाहेरून एक काटकी जाळावी लागत नाहीं. जंताचें अंडें ५० अंशांच्या वर तासाभरांत मरतें; विषमज्वराचा जंतु ५५ ते ६० अंशांस अर्ध्या तासांत मरतो. उन्हानें जें वरवर केलें तें ढिगानें आंतून केलें. ढीग उलथावयाचा तो एवढ्यासाठीं कीं, कडेचा थंड भाग मध्यें जावा आणि कोणताही कण आंचेंतून सुटूं नये. कागदावर यांत उणें कांहीं नाहीं. परंतु ढीग कोण उलथणार? इंदूरच्या पुस्तकांत मजुरांचा हिशेब आहे, त्यांच्या जातीचा नाहीं. व्यवहारांत मात्र गांवोगांव तो कोणाच्या माथीं गेला हें सांगावयास नको. पुढें १९३९ सालीं बंगलूरास आचार्य यांनीं ढीग न उलथतां बंद खड्ड्यांत मैल्याचें खत करण्याची रीत काढली, आणि ती नगरपालिकांस अधिक सोयीची वाटली. हातांचा संबंध तिनें कमी केला. नाहींसा केला नाहीं.

हातांचा प्रश्न उघडपणें हातीं घेतला तो कोंकणांत, आणि घेणारा एक तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होता. आमच्या धंद्यांतील मनुष्यानें केलेल्या थोड्या उपयुक्त कामांपैकीं हें एक असल्यामुळें मी त्याविषयीं किंचित् अभिमानानें लिहीत आहें. आप्पासाहेब पटवर्धन यांनीं अध्यापन सोडून गांधींची वाट धरिली. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत असतां त्यांनीं मागणी केली कीं, मैलासफाईचें काम आम्हांसही द्यावें. उच्चवर्णीय कैद्यास तें काम देतां येत नाहीं, असा तुरुंगाचा दंडक होता. सरकारास, पाहा, जातिधर्माची केवढी काळजी! आप्पासाहेबांनीं अन्न सोडण्यास आरंभ केला. येरवड्याच्या तुरुंगांत असलेल्या गांधींनीं ३ डिसेंबर रोजीं त्यांच्यासाठीं उपोषण आरंभिलें, आणि सरकार नमतें घेईल असें दिसल्यावर दुसऱ्या दिवशीं तें सोडलें. मनुष्यें तुरुंगांत सवलती मागण्यासाठीं उपाशी राहिलेलीं इतिहासानें पुष्कळ पाहिलीं आहेत. मैला उचलूं द्या म्हणून उपाशी राहिलेला हा निराळाच.

परंतु आप्पासाहेबांची खरी कामगिरी त्या उपोषणांत नसून १९४८ सालीं कणकवलीस स्थापन झालेल्या गोपुरी आश्रमांतील संडासांत आहे. मेहतराचें काम मी करीन, एवढ्यानें भागत नाहीं; तें काम कोणासच करावें लागूं नये, ही पुढची पायरी त्यांस दिसली. मैला ताजा असतां त्यास कोणीं हात लावावयाचा नाहीं. तो जागच्या जागीं, पाल्यांत आणि मातींत, खत होईपर्यंत झांकून ठेवावयाचा. हात लागेल तो खताला, मैल्याला नव्हे. इंदूरच्या ढिगांत जो विचार रसायनाच्या अंगानें आला तोच गोपुरींत माणसाच्या अंगानें आला. १९४९ सालीं मुंबई सरकारनें सफाई कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठीं वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली; डोक्यावरून मैला वाहण्याची चाल बंद करावी असें तिनें सांगितलें. ती कायद्यानें बंद होण्यास १९९३ साल उजाडलें, आणि त्या कायद्यानें काम भागेना म्हणून २०१३ सालीं दुसरा करावा लागला. आप्पासाहेब १९७१ सालीं वारले. त्यांचा वारसा देहूच्या आरोग्यकेंद्रावर आलेल्या डॉ. सुहास मापुसकरांनीं चालविला. संडासास गोबरवायूचें यंत्र जोडण्याची 'मलप्रभा' ही रचना त्यांची. त्यांनीं देहूस काढलेल्या संस्थेस आप्पासाहेबांचें नांव आहे. त्यांस पद्मश्री मिळाली ती २०१७ सालीं, मृत्यूनंतर.

गोपुरीचा उपाय खेड्यास पुरतो. ठाण्यासारख्या शहरास पुरेल काय? येथें घरोघरचा मैला पाण्यांत मिसळून जमिनीखालून वाहतो. १९१४ सालीं मँचेस्टर येथें आर्डर्न आणि लॉकेट यांनीं मैलापाण्यांत हवा घुसळून तें निवळण्याची रीत काढली. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढें बंगलूरास टाटांच्या विज्ञानमंदिरांत प्राध्यापक झाले. आज शहरोशहरीं जीं शुद्धीकरण केंद्रें आहेत, आमच्या कोपरीचें धरून, तीं या ना त्या रीतीनें त्याच शोधाचीं वंशज आहेत. पाणी निवळलें कीं तळाशीं गाळ उरतो. त्या गाळांत नत्र आहे, स्फुरद आहे, जमिनीस भुसभुशीत करणारा सेंद्रिय अंश आहे. पालाश मात्र नाममात्र, कारण तो पाण्याबरोबर निघून जातो. अमेरिकेंत मिलवॉकी शहरानें हा गाळ भट्ट्यांत वाळवून १९२६ पासून पोत्यांत भरून विकावयास प्रारंभ केला, आणि तेथील लोक तो अंगणांतल्या हिरवळीस आजही घालितात. ७० अंशांवर अर्धा तास ठेवला कीं गाळ निर्जंतुक समजावा, हें मान त्या देशाच्या १९९३ च्या नियमांत आहे. नॉर्वेच्या लोकांनीं तर गाळ वाफेच्या दाबाखालीं १६० अंशांपर्यंत शिजविण्याचें यंत्र काढलें. प्रचंड प्रेशर कुकरच म्हणावयाचा. आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानें आंचेऐवजीं किरणांचा मार्ग धरिला, आणि त्या तंत्रावर रोज शंभर टन सुका गाळ निर्जंतुक करणारा कारखाना अहमदाबादेस २०१९ सालीं सुरू झाला.

विद्यार्थ्याची पिशवी या वंशावळींतील होती. तिची अडचण पहिली पैशाची. यंत्रानें पिळून काढलेल्या शंभर किलो गाळांतही पाऊणशे-ऐंशी किलो पाणीच असतें, आणि पाण्याची वाफ करणें हें महागडें काम आहे. पुण्यास तें ऊन फुकट करी. कोंकणांत जून ते सप्टेंबर आभाळ उघडतच नाहीं. येथें माटुंग्याचा धडा कामास येतो: गाळ आधीं बंद टाकींत कुजवून त्याच्याच वायूवर तो तापवावयाचा. हें जगांत अनेक ठिकाणीं करितात, आणि आपल्याकडे करण्यास विद्या कमी पडत नाहीं.

दुसरी अडचण विद्येनें सुटणारी नाहीं. आंचेनें जंतु मरतो, कृमीचें अंडें मरतें. शिसें मरत नाहीं. पुण्याच्या सोनखतांत माणसाच्या पोटांतून आलें तेवढेंच होतें आणि चुलींतली राख होती. आजच्या गटारांत कारखान्याचें सांडपाणीही मिसळतें. डोंबिवलीचे रासायनिक कारखाने, वालधुनीचें रंगीत पाणी, उल्हास नदीची दुर्दशा, हें आमच्या ठाणें जिल्ह्यांत कोणास नवें नाहीं. अशा ठिकाणचा गाळ कितीही तापविला तरी त्यांतील कॅडमियम, क्रोमियम जागच्या जागीं राहतात. उलट पाणी गेल्यानें प्रत्येक किलोमागें त्यांचें प्रमाण वाढतेंच. आमच्या खत-नियंत्रण आदेशानें शहरी कंपोस्टांत कॅडमियमची मर्यादा किलोमागें पांच मिलिग्रॅम ठेविली आहे. त्यांतही कोंकणपट्टीच्या तांबड्या, आम्लधर्मी मातींत हे धातु पिकाच्या मुळांस अधिक सहज मिळतात, आणि पालेभाज्या ते विशेष शोषितात. अमेरिकेंतील मेन या संस्थानानें तर भांड्यांच्या गुळगुळीत लेपांत व आग विझविण्याच्या फेसांत वापरल्या जाणाऱ्या चिवट रसायनांच्या भयानें २०२२ सालीं गाळ शेतांत टाकण्यासच बंदी केली. अग्नीनें सर्व शुद्ध होतें, ही आपली जुनी समजूत. तो अग्नि बिचारा घरगुती मैल्यापुरता होता.

म्हणून मीं विद्यार्थ्यास सांगितलें तें असें: जंतूंविषयीं विकणाऱ्याचा शब्द खरा असेलही; धातूंचा दाखला माग. दाखला नसेल तर स्वतः तपासून घे. दाखला चांगला आला तरी पहिल्या वर्षीं वांगीं-पालक यांस नको. बांधावरच्या झाडांस घाल आणि मातीची परीक्षा करीत राहा. तो हें सर्व वहींत टिपून घेत होता. मावशी तेवढ्यांत म्हणाली, "आणि माझ्या प्रश्नाचें काय?"

तिचा प्रश्न जुन्या काळचा आहे असें मला प्रथम वाटलें होतें. मग आठवलें कीं, २०१९ च्या मे महिन्यांत याच ठाण्यांत, ढोकाळीच्या बाजूस, एका गृहसंकुलाच्या मैलाशुद्धीच्या टाकींत उतरलेले तीन कामगार गुदमरून मेले. माटुंग्यास ज्या वायूवर इंजिन चाललें तो मैल्याच्या बंद टाकींत आजही तयार होतो, आणि त्याच्याच सोबतीनें माणसाला क्षणांत बेशुद्ध पाडणारा सडक्या अंड्यांच्या वासाचा वायूही येतो. गाळ १६० अंशांवर शिजविणारें यंत्र आहे. टाकींत माणूस उतरूं नये म्हणून लागणारें यंत्र त्याहून पुष्कळ स्वस्त आहे. तें येथें नव्हतें. त्या टाकीची बातमी मीं वर्तमानपत्रांत वाचली होती, पान उलटलें होतें, आणि त्याच दिवशीं वर्गावर जाऊन एकोणिसाव्या शतकांतील समाजसुधारणा शिकविली होती.

दसरा झाला, मांडव उतरला. विद्यार्थ्याची पिशवी आमच्या जिन्याच्या कोपऱ्यांत तशीच होती. पंधरा दिवसांनीं त्याचें पत्र आलें. हल्लीं पत्र म्हणजे फोनवरचा मजकूर. धातूंची तपासणी झाली, प्रमाण मर्यादेच्या आंत आहे, आणि यंदा तें खत त्यानें बांधावरच्या आंब्यांस व शेवग्यास घातलें. मावशीचा प्रश्न त्यानें विक्रेत्यास जसाच्या तसा लिहून पाठविला होता: गाळ टाकींतून कोण काढतें, कशानें काढतें, त्याच्या हातांत काय असतें. त्याचें उत्तर अजून आलेलें नाहीं. मावशी दर आठ दिवसांनीं विचारते.